खिंडीत राहिलेली उमाबाई

परळीला स्टेशन रोडवर मन्मथ शेटेचा कॉम्प्युटर क्लास होता तेव्हाची गोष्ट. क्लासला जायचं तर चपला जिन्याच्या तळाशीच काढाव्या लागत. वर दारापाशी नव्हे, खाली, पहिल्याच पायरीला. गावात थर्मल वीजकेंद्राची राख सगळीकडे पडायची. वाळत घातलेल्या धोतरावर, शेवग्याच्या पानावर, चहाच्या बशीत. ती राख मशीनच्या पोटात गेली तर मशीन गेलंच, असं मन्मथला हैदराबादेत कोणीतरी सांगितलं होतं आणि ते त्यानं गुरुवाक्यासारखं धरलं होतं. रोज सकाळी तो आधी खिडक्या पुसायचा, मग टेबलं, मग कीबोर्डची एकेक कळ, आणि सगळ्यात शेवटी मॉनिटरवरची लाल फडकी खिडकीबाहेर झटकून त्यांच्या घड्या घालायचा.

त्यातलं एक फडकं म्हणजे त्याच्या वडिलांची पोथी बांधून ठेवायचं बासन होतं. बाकीची त्याच रंगाचं कापड आणून शिवलेली.

वडिलांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. त्यांचं खाली किराणा दुकान होतं. पण त्यांची खरी ओळख दुकानाची नव्हती, श्रावणातली होती. श्रावणभर मठात पोथी लागायची आणि आप्पा त्या पोथीचे सूचक. पोथीला दोघं लागतात. वाचक ओवी वाचतो, नुसती वाचतो, पदरचं काही घालत नाही. सूचक तिचा अर्थ सांगतो, आणि अर्थ सांगताना त्याला सगळं रान मोकळं असतं. ओवी चार शब्दांची असली तरी आप्पांचा अर्थ पाव तास चालायचा. कथेतल्या राजाचा घोडा दमला तर तो अंबाजोगाईच्या घाटात दमायचा. राणी रुसली तर ती वडवणीला माहेरी जाऊन बसायची. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आप्पांची बायको उमाबाई सगळ्यांत मागे बसून भिंतीकडे तोंड फिरवायची, कारण तिचं माहेर वडवणीचं.

आप्पा एका श्रावणात, पोथी अर्ध्यावर असतानाच गेले. छातीत कळ आली आणि संपलं. उमाबाईनं तेव्हा रडणं आवरून पहिली गोष्ट विचारली ती ही, की आता पोथीचं काय? सुरू केलेली पोथी समाप्तीशिवाय बांधून ठेवायची नसते. मठात दुसरा सूचक बसवला आणि समाप्ती झाली. पण अंबाजोगाईचा घाट त्या पोथीत पुन्हा आला नाही.

मन्मथनं दुकान भाड्यानं दिलं, वरच्या खोलीत टायपिंगचा क्लास काढला, आणि दोनेक वर्षांत टायपिंगची मशीनं विकून कॉम्प्युटर आणले. हैदराबादहून येताना एक मॉनिटर त्यानं रेल्वेत सबंध रस्ताभर मांडीवर धरला होता. पाय बधिर झाले, पण खाली ठेवला नाही.

शिकवायला राजश्री होती. थर्मलच्या कॉलनीतल्या सर्जेरावांची मुलगी, अंबाजोगाईच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. इंग्रजी असं सरळ वाचायची की मधे श्वास कुठं घेते ते कळायचं नाही. आणि रोज टपकणारा तिसरा म्हणजे नवनाथ. मन्मथचा शाळेपासूनचा मित्र, थर्मलला कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर शिफ्टला जाणारा. क्लासशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो खिडकीपाशी कूलरच्या हवेला यायचा.

तोच एकदा मेव्हण्याकडून येताना हैदराबादच्या फुटपाथवरून प्लास्टिकच्या पिशवीतल्या चार सीडी घेऊन आला.

"काय हाय बे ह्ये?" मन्मथनं विचारलं.

"मारामारी हाय. सहा गडी आपले, समोर राक्षस. घाल तर खरं."

घातली. पडद्यावर तिरप्या नजरेनं बघितल्यासारखं एक गाव दिसलं. कौलं, विहीर, पार. गावात सगळ्या चुली विझलेल्या. सहा जणांनी डोंगरापलीकडून विस्तव आणायचा, अशी ती कथा. पण ते कळायला आठवडा गेला. कारण नवनाथनं पहिल्याच दिवशी समोर येईल त्याच्यावर तलवार चालवली, त्यात गावचा म्हातारा पाटीलही गेला, आणि मग सगळ्या गावानं मिळून सहाही गडी विहिरीपाशी लोळवले.

राजश्री मागून बघत होती. म्हणाली, "नवनाथभाऊ, तो म्हातारा तुम्हाला वाट सांगत होता. खाली लिहिलंय की."

"लिहिलं आसंल. कोण वाचतंय?"

मग तिनंच वाचायला घेतलं. त्या खेळात भेटेल तो माणूस पानभर बोलायचा, आणि खाली तीन-चार उत्तरं यायची. त्यातलं एक निवडायचं. जे निवडाल तशी पुढची वाट. मारामारी होतीच, पण तीही बुद्धीची. लांब कळ दाबली की सगळं जागच्या जागी थांबायचं. कोणी कुठं उभं राहायचं, कोणी कोणाला अडवायचं ते ठरवायचं आणि पुन्हा सोडून द्यायचं. नवनाथ त्याला 'स्टॅच्यू' म्हणायचा. त्याची सगळी युद्धनीती एसटी स्टँडवरची होती. दणकट गडी दारात उभा करायचा, म्हणजे गर्दी आत येत नाही. आणि चपळ गडी मागच्या खिडकीतून रुमाल टाकायला पाठवायचा. या नीतीवर त्यानं बरेच राक्षस मारले.

राजश्री इंग्रजी वाचायची आणि थांबायची. नवनाथ मन्मथकडे बघायचा. मन्मथला इंग्रजी अर्धं कळायचं. उरलेलं अर्धं तो चेहऱ्यावरून, रस्त्यावरून आणि स्वतःच्या डोक्यातून भरायचा. खेळातला सावकार केजच्या बाजारात बसायचा. जादूगारीण रुसली की पाय आपटत निघून जायची, कुठं ते मन्मथ सांगायचा नाही, पण सांगता सांगता एकदा त्याच्या तोंडून 'वडवणी' निघून गेलं आणि तो दचकला. बघतो तर तो स्टुलावर मांडी घालून, वाचणारीच्या उजव्या हाताला बसला होता. आप्पा बसायचे तसा, अगदी तसा.

त्या दिवसापासून ती मारामारी राहिली नाही. पोथी झाली. दुपारी एकची बॅच सुटली की पोथी लागायची, ती लोडशेडिंगपर्यंत. वीज आमच्या गावात तयार व्हायची आणि आमच्याच गावातून रोज दुपारी नाहीशी व्हायची, याचं कोणाला नवल राहिलं नव्हतं. बॅचची मुलं मागे थांबू लागली. शिफ्ट सुटलेले दोघे-तिघे यायचे, चपला खाली काढून. एकानं कुजबुजत म्हणून पाहिलं, की मठात वाचकाच्या गादीवर बाईमाणूस बसत नसतं. राजश्रीचे वडील सर्जेराव तिला न्यायला आले होते, त्यांनी ऐकलं. ते म्हणाले, "आमच्या घरी पोथी न्हाई, पुस्तक हाय. पन वाचायला आमच्यात कुनाला ना न्हाई. वाच गं." आणि स्वतःच टेकून बसले. वाचकाची गादी म्हणजे चाकाची खुर्ची होती आणि तिचं एक चाक तुटकं होतं. पुन्हा कोणी काही म्हणालं नाही.

सहा गड्यांना नावं आपण द्यायची होती. दणकट पुढारी, त्याला मन्मथनं 'आप्पा' नाव दिलं. जादूगारीण रुद्राणी. आणि जखमेवर पाला लावणारी, गड्यांना जगवणारी एक पोक्त बाई होती, कमरेला औषधाची पिशवी असलेली. तिचं नाव आपोआपच सुचलं. उमाबाईच्या कनवटीला कायम बटवा असायचा, त्यात ओवा, हळकुंड, जायफळ. पोट दुखलं की सगळी गल्ली तिच्याकडे यायची. खेळातल्या उमाबाईला मात्र हे माहीत नव्हतं, आणि खऱ्या उमाबाईला खेळ माहीत नव्हता. 'मन्मथ दुपारचा जेवायला उशिरा येतो' एवढंच तिला कळत होतं.

कुठपर्यंत आलो त्याची खूण मशीनमध्ये ठेवता यायची. राजश्री म्हणायची, "सर, वेगवेगळ्या नावानं ठेवा. काही बिघडलं तर मागं जाता येतं."

मन्मथला ते पटायचं नाही. "मॅडम, पोथीत एकच खूण आसती. दोन खुना घातल्या तर लोक म्हनतील ह्येंला सांगताच येत न्हाई." खुणेचं नावही त्यानं 'खूण' असंच ठेवलं होतं.

गणपती बसले आणि राजश्रीला पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. दसऱ्यानंतर रुजू व्हायचं. मन्मथनं पेढे आणले, सगळ्यांना वाटले, आणि शेवटचा पेढा हातात धरून म्हणाला, "म्हंजी समाप्ती दसऱ्याच्या आत." खेळाची चौथी, शेवटची सीडी अजून पिशवीतच होती.

घाई सुरू झाली, आणि घाईतच ते झालं. सहाही जण डोंगराच्या खिंडीतून जात होते. दोन्हीकडून धनुर्धारी. आप्पा बाण लागून खाली कोसळले. नवनाथनं स्टॅच्यू केलं, उमाबाईला आप्पांपाशी पाठवलं, सोडलं. ती पोचली, पाला लावला, आप्पा उठले. आणि त्याच क्षणी लाइट गेली. यूपीएस कर्कश ओरडायला लागला. त्याची ताकद म्हणजे एवढीच, की मशीन नीट बंद करून घ्या. खूण घातल्याशिवाय पोथी मिटायची नाही. मन्मथचा हात सवयीनं गेला.

"थांब बे! थांब, आदी बघ!" नवनाथ ओरडला.

पण खूण पडली होती. दुसऱ्या दिवशी उघडलं तर पाच चेहरे रंगीत होते आणि सहावा राखेच्या रंगाचा. मधल्या त्या क्षणात एक बाण उमाबाईला लागून गेला होता. त्या खेळात गेलेला माणूस परत येत नसे. आणि मागची खूण नव्हती, कारण खूण एकच होती.

मन्मथनं त्या दिवशी अर्थ सांगितला नाही. मशीनवर बासन टाकलं आणि घरी जाऊन न जेवता झोपला. उमाबाईनं कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तिच्या हाताला जायफळाचा वास होता. मन्मथनं कूस बदलली.

आता या गोष्टीला पाय फुटले ते नवनाथमुळे. तो चहाच्या टपरीवर दोस्ताला हळहळून सांगत होता, "उमाबाई गेली बे. खिंडीत. मन्मथनं जेवनच सोडलंय." मागे छबुबाई उभी होती, उमाबाईची मठातली मैत्रीण. तिनं हातातली भाजी तिथंच ठेवली आणि गळा काढत शेट्यांच्या दारात आली. दार उमाबाईनंच उघडलं.

"अगं माय! तू तर जित्ती हायस!"

"मग काय तुज्या परवानगीनं मरू? आत ये. रडतीस कावून?"

छबुबाईनं ऐकलं ते सगळं सांगितलं. उमाबाई आधी हसली. मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, म्हणून छबुबाईच्या हातावर तिनं साखर ठेवली. चहा पाजला. मग मात्र पदर सावरला आणि आयुष्यात पहिल्यांदा लेकाच्या क्लासकडे निघाली.

इकडे मन्मथनं मनाशी ठरवून टाकलं होतं. पोथी पहिल्यापासून लावायची. त्या दुपारी नवीन सहा गडी विझलेल्या गावात पुन्हा उभे होते, सहावीचं नाव पुन्हा उमाबाई. राजश्री म्हणाली, "सर, एवढ्या दिवसांत सगळं परत होणार नाही. समाप्ती राहील." तो म्हणाला, "राहू द्या. पन ती परत आली पाह्यजे." तिनं वाद घातला नाही, वाचत राहिली. नवी खूण अजून घातली नव्हती. ती घातली की जुनी पुसली जाणार, खिंड आणि खिंडीतलं सगळं नाहीसं होणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

उमाबाई दारात उभी राहिली. अनवाणी, बटवा कनवटीला.

"मन्मथा, मी कशी मेले रे?"

नवनाथ कूलरच्या मागे सरकला. राजश्रीनं तुटक्या चाकाची खुर्ची पुढं केली, पण उमाबाई खाली सतरंजीवरच बसली. मग मन्मथनं सांगितलं. विझलेल्या चुली, विस्तव, सहा गडी, खिंड. अडखळत सांगितलं, आणि नेहमीसारखं पदरचं काही घातलं नाही.

"बान लागला म्हंतोस. पन मी तितं मदी कशाला गेलते?"

"औषध द्यायला."

"कुनाला?"

"आप्पाला."

उमाबाईनं पडद्याकडे बघितलं, जणू तिथं कोणी ओळखीचं बसलंय. "त्येंचं नावबी घातलंस व्हय. वाचले का?"

"वाचले."

"आजून हायेत?"

"हायेत. जुन्या खुणेत हायेत. पन मी आता पहिल्यापासून लावलीय. म्हंजी तूबी परत..."

"थांब जरा." तिनं हात वर केला. "म्हंजी तितं मी आदी गेले. कुकवासगट. सवाष्ण."

"व्हय."

"मग परत कावून आनतोस मला?" ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. "इतं त्येंनी घाई केली. मला न इचारता फुडं गेले. तितं तरी माजा नंबर लागला की रे. त्यो काडू नको."

"आई, ती माजी चूक हाय. खूण घालताना मी बघितलंच न्हाई."

"आसू दे. तुज्या चुकीनं एवडं चांगलं कवा झालंय?"

त्याच वेळी लाइट गेली. यूपीएस ओरडायला लागला. नवनाथ कूलरमागून सवयीनं ओरडला, "खूण घाल बे!"

मन्मथनं माऊसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. यूपीएस ओरडत राहिला, ओरडत राहिला, आणि पडदा काळा झाला. नवे सहा गडी, नवं गाव, सगळं विझलं. जुनी खूण तेवढी आत राहिली.

"बघा," उमाबाई राजश्रीला म्हणाली, "जलमात पयल्यांदा आयकलं त्येनं."

त्यानंतर ती रोज यायची. वाती वळत बसायची, आणि मन्मथला कुठं अडलं तर मागून 'हं' म्हणायची, मठात पुरुषमंडळी सूचकाला हुंकार देतात तसा. पाच गड्यांवर शेवटची लढाई जड होती. पुलावरचा राखणदार सारखा पाडायचा. आप्पा जखमी झाले की पाला लावायला कोणी नाही. शेवटी नवनाथनं आप्पांना दारातून हलवलं आणि मागं उभं केलं. म्हणाला, "ह्येंला आता कोन जपनार हाय? ह्येंनी जपूनच ऱ्हायाचं." दणकट गडी मागं आणि किरकोळ गडी पुढं, ही काही एसटी स्टँडची नीती नव्हती. पण राखणदार पडला, दसऱ्याला थोडे दिवस राहिले असताना.

विस्तव गावात आला. चुली पेटल्या. मग कथा एकेका गड्याचं पुढं काय झालं ते सांगू लागली. राजश्री वाचत होती, मन्मथ अर्थ सांगत होता. रुद्राणीनं शाळा काढली. आप्पांनी पाटीलकी नाकारली. आणि शेवटी सहाव्या चेहऱ्यासाठी इंग्रजीत एकच ओळ आली: एक जण खिंडीतच राहिली.

राजश्रीनं ती वाचली आणि थांबली. सगळे मन्मथकडे बघत होते. उमाबाईचं वात वळणं थांबलं होतं.

मन्मथनं घसा साफ केला. आणि बोलायला लागला. म्हणाला, लढाई थांबल्यावर पाचही जण परत वर गेले. आप्पांनी कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः खड्डा केला. अंबाजोगाईच्या घाटासारखीच ती खिंड, वरून खालचा सगळा मुलूख दिसतो. तिला आपल्यात देतात तशी बसवून समाधी दिली. भस्म लावलं. डोंगरातून बेल आणला. रुद्राणीनं कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावलं. औषधाची पिशवी तिच्या मांडीवरच ठेवली, कारण ती पिशवी सोडून ती कुठं गेली नव्हती. आता त्या वाटेनं जाणारा माणूस तिथं थांबतो, आणि पोट दुखत असलं तर तिथला पाला तोडून खातो.

"बसवूनच दिली ना समाधी?" उमाबाईनं विचारलं.

"बसवूनच."

राजश्री पडद्यावरच्या त्या एका ओळीकडे बघत होती. तिनं मान खाली घातली.

उमाबाईनं वळलेली वात डब्यात ठेवली. राजश्रीला म्हणाली, "तू वाचलंस यवडुसं, आन ह्यो बोलला पाव तास. बापावर गेलाय."

"काकू, सूचकाला मोकळीक असते म्हणे," राजश्री म्हणाली.

समाप्तीचा शिरा उमाबाईनं घरून करून आणला होता. कीबोर्डला हात लागू नयेत म्हणून सगळ्यांनी तो जिन्यात बसून, केळीच्या पानावर खाल्ला. राजश्री पुण्याला निघाली तेव्हा मन्मथनं तिला काय द्यावं म्हणून खूप विचार केला आणि लाल फडकं दिलं. बाजारातलं नव्हे, बासनाचं.

आता तो क्लास नाही. खोलीत मोबाइलचं दुकान आहे, चपला घालून लोक वर येतात. उमाबाई पुढं काही वर्षांनी गेल्या, झोपेतच. कपाळाला भस्म लावून, बसवून त्यांना माती दिली तेव्हा नवनाथ शेजारी उभा होता. परत येताना रेल्वे फाटकापाशी दोघं गाडी जायची वाट बघत थांबले. थर्मलच्या चिमण्यांचा धूर सरळ वर चालला होता.

"मशीन हाय का बे आजून?" नवनाथनं विचारलं.

"हाय. माळ्यावर. खूणबी आसंल."

"लावायची का पुन्ना? पयल्यापासून?"

गाडी गेली. फाटक उघडलं. मन्मथनं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला.

"लावू की," तो म्हणाला. "पन सहावीला दुसरं नाव बघावं लागंल."